चार्टवरील १८ आणि रुग्णाचा खरा श्वास

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही इंदूरमध्ये शस्त्रक्रियेच्या वॉर्डात दोन वर्षांपासून स्टाफ नर्स आहात. मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेला ५८ वर्षांचा, साधारण ७० किलो वजनाचा रुग्ण पहिल्या रात्री तुमच्याकडे होता. रात्री १० वाजता त्याची नाडी ८४ आणि रक्तदाब १३०/८० होता; २ वाजता नाडी ९८, रक्तदाब १२४/८४; पहाटे ५ वाजता नाडी ११२, रक्तदाब ११६/९०. श्वसन तिन्ही वेळा १८, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी, ९६ ते ९७, ताप नाही. ड्रेसिंग कोरडे होते आणि ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातील स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत, जेमतेम ४० मिलिलिटर आले होते. रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत लघवी १४० मिलिलिटर झाली. रुग्ण मधूनमधून 'घबराहट हो री है' म्हणत होता आणि पंखा वाढवायला सांगत होता. साडेसहा वाजता वरचा रक्तदाब ८० वर आला, त्याला पुन्हा थिएटरमध्ये न्यावे लागले, पोटात रक्तस्राव होता, तो थांबवला आणि रुग्ण वाचला. राउंडला सर्जनांनी सर्वांसमोर 'रातभर क्या असेस किया?' असे विचारले. तुम्ही तीन गोष्टी विचारता: सर्व आकडे मर्यादेत असताना तुम्हाला हे कळायला कसे हवे होते, केवळ 'काहीतरी बिघडते आहे' एवढ्या जाणिवेवर डॉक्टरांना पहाटे उठवायचे तर काय बोलायचे, आणि चार्टवरील श्वसनाच्या नोंदी आता दुरुस्त कराव्यात असे एक सहकारी सुचवते आहे, ते करावे का.

पहिल्या प्रश्नातच माझी पहिली हरकत आहे. पहाटेची नाडी सोडली तर आकडे मर्यादेत होते हे खरे, पण ते तुम्ही उभे वाचलेत, म्हणजे एका वेळेचे सगळे आकडे एकाखाली एक, आणि प्रत्येक आकडा पुस्तकातील मर्यादेशी ताडून पाहिलात. तेच आकडे आडवे वाचा. नाडी ८४, ९८, ११२. वरचा रक्तदाब १३०, १२४, ११६. खालचा ८०, ८४, ९०. वरच्या आणि खालच्या दाबातील अंतर ५०, मग ४०, मग २६. सात तासांत नाडी २८ ने चढली आणि हे अंतर जवळजवळ निम्मे झाले. पुस्तकातील मर्यादा अनेक माणसांवरून ठरवलेली असते; तुमच्यासमोरच्या माणसाची मर्यादा तो स्वतः रात्री १० वाजता कसा होता त्यावरून ठरते. रुग्णाचे आकलन म्हणजे मुख्यतः त्याची त्याच्याशीच केलेली तुलना होय, आणि या उत्तरात पुढे जे सांगणार आहे ते सारे या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

हे अंतर का कमी होते, ते एकदा समजले की विसरत नाही. रक्त कमी होऊ लागले की शरीर हृदयाचे ठोके वाढवते आणि हातापायांच्या, त्वचेच्या, आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. वाहिन्या आवळल्यामुळे खालचा रक्तदाब चढतो. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी झाल्यामुळे वरचा हळूहळू उतरतो. प्रौढ माणसाच्या एकूण रक्ताच्या १५ ते ३० टक्के, म्हणजे ७० किलोच्या माणसात साधारण ७५० ते १५०० मिलिलिटर रक्त गेले, तरी आडव्या पडलेल्या रुग्णाचा वरचा रक्तदाब बऱ्यापैकी टिकून राहू शकतो. त्याच्या पुढे गेले की तो एकदम कोसळतो. साडेसहाचा ८० हा आजाराचा आरंभ नव्हता. शरीराने रात्रभर जी उसनवारी चालवली होती ती तेव्हा संपली. तरुण माणसांत आणि लहान मुलांत ही उसनवारी आणखी जास्त वेळ चालते, म्हणून त्यांचा रक्तदाब चांगला आहे या आधारावर निश्चिंत होणे जास्त धोक्याचे असते.

लघवीचा हिशोबही असाच रात्रभर तुमच्या हाताशी होता. प्रौढ रुग्णाची लघवी दर किलो वजनामागे दर तासाला किमान अर्धा मिलिलिटर अपेक्षित धरतात. ७० किलोला तासाला ३५, नऊ तासांत ३१५. तुमच्या चार्टवर १४० आहे. तुम्ही ती नोंद सकाळी ६ वाजता शिफ्टची बेरीज म्हणून केली असणार, कारण आपल्याकडे इनपुट-आउटपुटचा कागद बहुतेक वेळा ड्यूटी संपताना भरण्याचा कागद समजला जातो. पहिल्या रात्रीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाची लघवीची पिशवी दर तासाला, निदान दर दोन तासांनी पाहिली असती, तर मध्यरात्रीनंतरच मूत्रपिंडांनी तुम्हाला निरोप पाठवलेला दिसला असता. अर्थात लघवी कमी दिसली की आधी कॅथेटरची नळी रुग्णाच्या मांडीखाली दुमडली आहे का आणि पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली आहे का, ते पाहायचे. या साध्या कारणासाठी डॉक्टरांना धावत बोलावण्याची चूक मी स्वतः एकदा केली आहे.

ड्रेनमध्ये कमी आले म्हणून आत रक्त नाही, असा निष्कर्ष मात्र कधीच काढू नका. रक्ताची गुठळी नळीच्या तोंडाशी अडकली की ड्रेन कोरडा राहतो आणि पोट भरत जाते. ड्रेनमध्ये ताजे रक्त येणे ही महत्त्वाची बातमी आहे; न येणे ही काहीच बातमी नाही.

आता त्या १८ विषयी. हे लिहिताना मला तुम्हाला दुखवायचे नाही, कारण ही सवय तुमच्या एकटीची नाही. देशभरातल्या कितीतरी टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्टवर श्वसनाचा रकाना १८ आणि २० यांनीच भरलेला असतो. नाडी आणि सॅच्युरेशन यंत्र दाखवते, रक्तदाब यंत्र दाखवते, थर्मामीटर ताप दाखवतो; श्वास मात्र स्वतः उभे राहून मोजावा लागतो, म्हणून तो अंदाजाने लिहिला जातो. आणि नेमका तोच पुष्कळदा सर्वांत आधी बदलतो. पेशींना पुरेसे रक्त मिळेनासे झाले की शरीरात आम्लता वाढते आणि ती बाहेर टाकण्यासाठी श्वास जलद होतो. सॅच्युरेशन त्या वेळी ९६ च असते, कारण जे रक्त शिल्लक आहे ते ऑक्सिजनने भरलेलेच असते. रक्त किती उरले आहे हे बोटावरच्या चिमट्याला कळत नाही.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज' ही धोकासूचक गुणपद्धत आता आपल्याकडेही काही रुग्णालयांत वापरतात. तिच्यानुसार तुमच्या पहाटे ५ च्या नोंदींचे गुण मोजून पाहा. नाडी १११ ते १३० या टप्प्यात आहे, त्याचे २. बाकी श्वसन १८, सॅच्युरेशन ९६, वरचा रक्तदाब ११६, शुद्ध पूर्ण, ताप नाही, यांचे शून्य. एकूण २, म्हणजे किरकोळ. पण त्या वेळी त्याचा खरा श्वास २५ किंवा अधिक असता, तर त्या एका रकान्याचे ३ गुण धरून बेरीज ५ झाली असती, आणि ५ ला ही पद्धत तातडीने डॉक्टरांना बोलावण्यास सांगते. तो २१ ते २४ असता तरी बेरीज ४ झाली असती. खरा आकडा किती होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही. गुणपद्धत चांगली आहे, ती वापरावी असेच माझे मत आहे, पण तिच्यात अंदाजाचा आकडा घातला की ती आपल्याला शास्त्रीय भाषेत खोटा दिलासा देते.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणल्यास एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. नाडी पाहतो आहोत असे भासवून मनगट धरून ठेवा आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवा, कारण आपला श्वास कोणी मोजते आहे हे कळले की माणूस तो बदलतो. मोजताना केवळ संख्या पाहू नका: मानेचे स्नायू ओढले जात आहेत का, वाक्य पूर्ण करताना मध्ये थांबावे लागते आहे का, श्वास उथळ आहे की खोल, हेही त्या एका मिनिटातच दिसते. तुम्ही म्हणाल की रात्री तीस रुग्णांमागे दोनच सिस्टर असतात, आणि ते खरेच आहे. म्हणूनच सर्वांना सारखाच वेळ द्यायचा नाही, निवड करायची. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चोवीस तास, मॉर्फिनसारखे वेदनाशामक चालू असलेले, ऑक्सिजनवर असलेले, ताप असलेले वृद्ध, आणि ज्यांच्याविषयी घरचे माणूस 'आज हे वेगळेच वागत आहेत' असे म्हणते ते, असे पाच-सहा जण निघतात. कुणाकडे आधी जायचे हे ठरवणे हाच रात्रपाळीतला पहिला निर्णय असतो आणि तो हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्ण ताब्यात, घेतानाच करायचा असतो. हँडओव्हर डेस्कवर घेण्याऐवजी प्रत्येक खाटेशी उभे राहून घ्या. संध्याकाळची सिस्टर 'ठीक आहे' म्हणते तेव्हा तिचे 'ठीक' म्हणजे नेमके कसे, हे तुमच्या डोळ्यांनी पाहिलेले असले तरच पहाटे तुलना करता येते.

श्वास मोजण्याचे महत्त्व मला कसे कळले ते सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, रुग्णालयाचे नाव येथे घेत नाही, मांडीचे हाड मोडलेली एक वृद्ध बाई माझ्याकडे होती. वेदनांसाठी मॉर्फिन दिलेले होते आणि नाकाशी ऑक्सिजन चालू होता. रात्रभर विव्हळणारी ती बाई पहाटे शांत झोपली म्हणून मला बरे वाटले, सॅच्युरेशन ९८ होते, आणि मी 'रुग्ण शांत झोपला आहे' असे लिहिले. आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या होत्या, फारसे बोलत नसत. त्या येऊन खाटेजवळ उभ्या राहिल्या, घड्याळ पाहिले, मग बाईच्या खांद्याला हलवून मोठ्याने हाक मारली. बाईने डोळे अर्धवट उघडून पुन्हा मिटले. श्वास मिनिटाला ७ होता. त्यांनी मला एवढेच विचारले की, ही झोपली आहे हे तुला कसे कळले? पुढे डॉक्टर आले, मॉर्फिनचा परिणाम उतरवणारे नॅलोक्सोन दिले आणि बाई शुद्धीवर आली. ऑक्सिजन चालू असल्यामुळे सॅच्युरेशन चांगले दिसत होते. श्वास मंदावून शरीरात साचणारा कार्बन डायऑक्साइड ते यंत्र दाखवतच नाही. तेव्हापासून मॉर्फिन चालू असलेल्या रुग्णाला झोपलेला म्हणण्यापूर्वी मी त्याला हाक मारते. त्याची झोप मोडते, तो चिडतो, ते परवडते.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य आकड्यांचे नाहीच. रुग्ण 'घबराहट हो री है' म्हणत होता आणि तुम्ही नोंदीत 'रुग्ण घाबरलेला आहे, धीर दिला' असे लिहिलेत. मी इंदूरच्या रामबागेत वाढले, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी अशीच माझीही सवय आहे, त्यामुळे ही चूक कुठून येते ते मला नीट कळते. आपल्या कानाला 'घबराहट' ऐकू येते आणि मन त्याचे 'घाबरणे' करून टाकते. माळव्यातला माणूस 'घबराहट' किंवा 'जी घबरा रिया है' म्हणतो तेव्हा त्याला बहुधा भीती सांगायची नसते; छातीत धडधड, श्वास पुरेनासा होणे, मळमळ, दरदरून घाम, असे काहीही त्या एका शब्दात असू शकते. आपल्या आज्या 'जीव घाबराघुबरा होतोय' म्हणत, त्याच्या ते अधिक जवळचे आहे. मराठी आज्जी 'कसंतरीच होतंय' म्हणते आणि आपण हँडओव्हरमध्ये 'कोई खास तकलीफ नहीं' असे सांगतो, तेव्हाही असाच अर्थ वाटेत सांडतो. इंदूरच्या वॉर्डांत धार, झाबुआ, खरगोन, बडवानीहून येणारी माणसे माळवी, निमाडी, भिली बोलतात. त्यांच्या सोबतचा अटेंडर तेच हिंदीत सांगतो, आपण ते मनात मराठीत घेतो आणि चार्टवर इंग्रजीत लिहितो. चार भाषांतून गाळून उरते ते 'अँक्शस', म्हणजे नुसते 'चिंताग्रस्त'.

यावर माझा उपाय साधा आहे. रुग्णाचा शब्द अवतरणचिन्हांत, जसाच्या तसा लिहा, आणि लगेच दोन प्रश्न विचारा: नेमके कुठे वाटते आहे, हात ठेवून दाखवा, आणि हे केव्हापासून, संध्याकाळी होते का? त्याच वेळी त्याच्या पायाला हात लावा. तुमच्या रुग्णाचे पाय गार होते का, हे तुमच्या पत्रात नाही, आणि ते मला खटकले. पाऊल गार आणि मांडी ऊबदार असेल तर गारवा कुठपर्यंत चढला आहे ते पाहा. बोटाचे नख किंवा छातीच्या मध्यभागची त्वचा पाच सेकंद दाबून सोडा; दोन सेकंदांत गुलाबीपणा परत आला पाहिजे. थंडीच्या दिवसांत आणि वृद्धांत बोटावरची ही खूण थोडी फसवी असते, म्हणून छातीवर पाहणे बरे. मेंदी, नखांचा गडद रंग आणि गार बोटे यांनी सॅच्युरेशनचे यंत्रही फसते, आणि सावळ्या त्वचेत ते कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते, हेही ध्यानात असू द्या.

कारण नसताना आलेली अस्वस्थता, पंखा वाढवा म्हणणे, चादर ओढणे, उठून बसू पाहणे, ही मेंदूला रक्त किंवा ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण असू शकते. अशा रुग्णाला भित्रा किंवा त्रासदायक समजून झोपेचे इंजेक्शन मागण्यापूर्वी श्वास, नाडी, रक्तदाब, सॅच्युरेशन आणि बोटातून साखर, या पाच गोष्टी पाहायच्या. साखर ७० च्या खाली गेली तरी माणूस असाच घामाघूम आणि बेचैन होतो, आणि ते कळायला एक मिनिटही लागत नाही. अस्वस्थ रुग्णाला शारीरिक कारण नाही हे आपण सिद्ध करायचे असते. ते नाहीच असे गृहीत धरायचे नसते.

काही रुग्णांत या खुणाही झाकलेल्या असतात. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेणाऱ्याची नाडी रक्त गेले तरी फारशी वाढेलच असे नाही. एरवी १७० असणाऱ्याचा रक्तदाब १२० आला, तर चार्टवर तो सुंदर दिसतो, प्रत्यक्षात तो कमी झालेला असतो. वृद्धांना जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. कित्येकदा पहिली खूण एवढीच असते की काल नातवाचे नाव सांगणारे आजोबा आज गोंधळले आहेत. जुन्या मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण भरती होतात तेव्हा सगळे घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसते आणि ताप उतरला म्हणून पेढे आणते, तर खरा धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरतानाच सुरू होतो. पोट दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, आणि वरच्या-खालच्या रक्तदाबातील अंतर २० किंवा त्याहून कमी होणे, हे प्लेटलेटपेक्षा आधी पाहायचे. पुन्हा तेच अंतर. म्हणून मी त्याचा एवढा पाठपुरावा करते.

तुम्ही विचारता की हे अनुभवानेच येते का. अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अध्यापिका पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकेपासून निष्णातापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांच्या म्हणण्यानुसार निष्णात परिचारिका नियम एकेक करून लावत बसत नाही, तिला एकूण चित्र एकदम दिसते. क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये त्याच विषयाची फोड लक्षात येणे, अर्थ लावणे, प्रतिसाद देणे आणि नंतर त्यावर विचार करणे अशी केली. मला दुसरी मांडणी कामाला अधिक उपयोगी वाटते, कारण ती कुठे अडले ते दाखवते. तुमच्या रात्री 'लक्षात येणे' घडले होते; पंखा, घबराहट, नाडी ११२ हे सर्व तुम्ही पाहिले आणि लिहिलेही. अडले ते अर्थ लावताना, कारण प्रत्येक खुणेला तुमच्याकडे वेगळे निरुपद्रवी कारण तयार होते: नाडी वेदनेमुळे, अस्वस्थता भीतीमुळे, लघवी कमी कारण तोंडाने पाणी नाही. तीन गोष्टींना तीन वेगळी कारणे सुचू लागली की थांबून स्वतःला विचारावे, या तिन्हींना मिळून एकच कारण आहे का, आणि असलेच तर त्यांतले सर्वांत वाईट कोणते? शस्त्रक्रियेच्या पहिल्या रात्री त्याचे उत्तर बहुधा रक्तस्राव असेच निघते. वर्षे पुष्कळ झाली म्हणून हे आपोआप होते असे मात्र मी पाहिलेले नाही. वीस वर्षे अंदाजाने १८ लिहिणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत.

आता दुसरा प्रश्न. डॉक्टरांना फोन करताना 'सर, पेशंट ठीक नहीं लग रहा' असे म्हटले की समोरून 'बीपी कितना है?' असे येते, तुम्ही ११६ सांगता आणि बोलणे संपते. सांगण्याचा क्रम बदला. आत्ता काय घडते आहे, पार्श्वभूमी काय, माझे मत काय आणि मला काय हवे, या चार गोष्टी याच क्रमाने बोलायच्या; अमेरिकी नौदलात रुळलेली आणि पुढे तिथल्या रुग्णालयांनी उचललेली ही पद्धत आहे. पहाटे ५ वाजता तुम्ही असे बोलू शकला असता: "सर, शस्त्रक्रिया वॉर्ड, खाट क्रमांक अमुक. रुग्णाची नाडी रात्री १० पासून ८४ वरून ११२ झाली आहे, दोन्ही रक्तदाबांतील अंतर ५० वरून २६ वर आले आहे, आणि आठ तासांत लघवी तासाला २० मिलिलिटरहूनही कमी आहे. काल आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, रक्त पातळ करणारे औषध सुरू आहे की नाही ते मी केस शीटमध्ये पाहून हातात धरले आहे. मला आतील रक्तस्रावाची शंका आहे. आपण दहा मिनिटांत येऊन पाहावे, आणि तोवर हिमोग्लोबिन व रक्तगट जुळणीचे नमुने घेऊ का?" हे हिंदीत बोला, इंग्रजीत बोला, पण 'मला शंका आहे' हे शब्द गाळू नका. निदान करणे डॉक्टरांचे काम आहे, शंका बोलून दाखवणे आपले.

डॉक्टर येईपर्यंत रुग्णाजवळून हलू नका. त्याला आडवे ठेवा, तोंडाने काही देऊ नका, कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घातलेली नळी) चालू आहे का पाहा आणि तुमच्या रुग्णालयात परवानगी असेल तर दुसरी जाड कॅन्युला टाका, ऑक्सिजन तेथील नियमानुसार लावा, रक्तदाब दर पाच मिनिटांनी घ्या. मिळालेला तोंडी आदेश परत वाचून दाखवा आणि फोनची वेळ लिहा. 'सुबह देखते हैं' असे उत्तर आले, तर पंधरा मिनिटांनी पुन्हा सर्व मोजा आणि नव्या आकड्यांसह पुन्हा फोन करा. तरीही कोणी येत नसेल तर आरएमओंच्या (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या) वरच्या डॉक्टरांना आणि नाइट सुपरवायझरना कळवा. यात आगाऊपणा वाटण्याची भीती असते, विशेषतः नव्या मुलींना. मलाही अनेकदा विनाकारण बोलावले म्हणून ऐकून घ्यावे लागले आहे. दहा वेळा बोलावून नऊ वेळा काही निघाले नाही, तर ते नऊ फोन वाया गेले असे मी मानत नाही. आणि नातेवाइकांचे म्हणणेही याच फोनमध्ये सांगा. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत २०२४ पासून रुग्णाची प्रकृती ढासळते आहे असे घरच्यांना वाटल्यास ते स्वतः दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागू शकतात. आपल्याकडे तशी सोय नसेल तर त्यांचा आवाज पुढे पोहोचवणारे दुसरे कोण आहे?

सर्जनांच्या त्या वाक्याविषयी एवढेच म्हणते की, प्रश्न रास्त होता, जागा चुकीची होती. तुमच्या वॉर्डात रात्री किती रुग्णांमागे किती सिस्टर होत्या, पहिल्या रात्रीच्या रुग्णाची लघवी दर तासाला मोजण्याचा लेखी आदेश होता का आणि कोणत्या आकड्याला डॉक्टरांना बोलवायचे हे केस शीटवर लिहिलेले होते का, हेही विचारायला हवे. ते इन्चार्ज सिस्टरांना सांगून पुढच्या बैठकीत तुम्ही मांडू शकता.

शेवटचा प्रश्न नोंदी दुरुस्त करण्याचा. त्यांना हात लावू नका. त्या रात्री लिहिलेले १८ खोडून २४ केले, तर एका अंदाजाच्या जागी दुसरा अंदाज येईल, आणि हा दुसरा जाणूनबुजून केलेला असेल. पुढे चौकशी झाली तर तुमच्या इतर सर्व खऱ्या नोंदींवरचाही विश्वास त्यामुळे उडेल. एखादी गोष्ट तुम्हाला निश्चित आठवते आणि लिहायची राहिली आहे, उदाहरणार्थ रुग्णाने घबराहट म्हटले ती वेळ, तर ती आजच्या तारखेने आणि आजच्या वेळेने, 'उशिरा केलेली नोंद' असे स्पष्ट लिहून आणि सही करून जोडता येते. तीही इन्चार्ज सिस्टरांना सांगून. श्वसनाविषयी कोणी विचारले तर मोजले नव्हते, अंदाजाने लिहिले होते, असे सांगावे लागेल, आणि तसे सांगणे तुम्हाला जड जाईल हे मला माहीत आहे. उद्याच्या ड्यूटीला सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन जा. मोबाइल चालतो, पण रात्री रुग्णाच्या तोंडावर त्याचा उजेड पडतो.